मुलीला कॉलेजात नाटक शिकायचंय म्हणून दादरच्या नाट्यशिबिरात घातलं, त्याचा अनुभव

बारावी कॉमर्सचा शेवटचा पेपर देऊन लेक घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, आई मला बीकॉम नाही करायचंय, मला नाटक शिकायचंय. नाटकात काम करायचंय असं नाही म्हणाली, शिकायचंय म्हणाली, आणि ह्या दोन गोष्टींत फरक आहे हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. मला वाटलं हौस आहे, शाळेत गॅदरिंगला बक्षिसं मिळालीत, ज्युनिअर कॉलेजात एका एकांकिकेत मागच्या घोळक्यात होती, तेवढ्यावर पोरगी हवेत आहे. मिस्टर तर दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. आम्ही भांडुपला राहतो, मी पोस्टात आहे, मिस्टर एका कंपनीत स्टोअर्सला आहेत, म्हणजे तीन वर्षं करून बघ, नाही जमलं तर दुसरं बघू, असं म्हणण्याइतकी आमची ऐपत नाही. एप्रिलमध्ये मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते की कुण्या आईबापाने ह्याबद्दल काही लिहिलंय का, आणि जे सापडायचं ते सगळं क्लासवाल्यांनीच लिहिलेलं असायचं, म्हणून आता आमचं ठरल्यावर हे सविस्तर लिहितेय.

शिबिराचं नाव टाकत नाहीये कारण दोनतीन तक्रारीपण लिहिणार आहे आणि चालवणारी माणसं मोजून चार आहेत, तक्रारी मी त्यांना समोर बसून सांगितल्यात, तेवढं पुरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दादर, पार्ले, ठाणे ह्या पट्ट्यात अशी शिबिरं असतातच, तर तुम्ही दुसऱ्या कुठे घालणार असाल तरी काय बघायचं ते ह्यातून कळेल.

आधी एक सांगते, शिबिराच्या आधी आम्ही करिअर काउन्सेलिंगला गेलो होतो. चार हजार रुपये, कॉम्प्युटरवर दोन तासांची टेस्ट, आठ दिवसांनी रंगीत रिपोर्ट आणि पाऊण तास गप्पा. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या एवढी आवड आहे तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा फॉर्म भरून टाका, नाहीतर मास मीडिया घ्या, सेमच आहे. आम्ही आठ दिवस दिल्लीचा विचार करत होतो, पोरगी एकटी कशी राहील, उन्हाळा केवढा, थंडी केवढी, माझे बाबा तर तिकीट बघायला लागले होते. आणि शिबिराच्या पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं की तिथे पदवी झाल्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही, शिवाय नाटकात काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. चार हजार घेणाऱ्या माणसाला एवढं माहीत असायला हवं ना. मला त्या पैशांपेक्षा त्या आठ दिवसांत घरात जी रडारड झाली तिचं जास्त वाईट वाटतं.

शिबिराचं माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, तिचा भाचा आदल्या वर्षी गेला होता. दादर पश्चिमेला एका शाळेचा हॉल, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, सहा आठवडे, शनिवार रविवार सकाळी नऊ ते दुपारी दीड आणि शेवटचा आठवडा रोज संध्याकाळी. फी साडेसात हजार, दोन हप्त्यांत. पैसे भरायच्या आधी मी फोनवर विचारलं की आधी बघता येईल का, तर म्हणाले या की, आणि आम्ही दोघी एक रविवार त्यांच्या आधीच्या बॅचच्या मुलांची तालीम चालू होती तिथे मागे सतरंजीवर बसून होतो. अंधेरीकडच्या दोन अ‍ॅक्टिंग क्लासमध्येपण चौकशी केली होती, तिकडे फी लाखाच्या वर आणि तालीम बघू द्या म्हटलं तर रिसेप्शनवरून पुढे सोडलं नाही, पोर्टफोलिओचे फोटो तेवढे दाखवले. मला तिथेच कळलं की ह्यांच्याकडे नाही घालायचं.

पहिल्या रविवारी लेक घरी आली ती तोंड पाडून. म्हणाली आई, चार तासांत अ‍ॅक्टिंग केलीच नाही, आधी हॉल झाडला, मग सतरंज्या टाकल्या, मग दीड तास नुसता श्वास घेतला. हॉल झाडायची पाळी सगळ्यांना होती, सरांनापण, म्हणजे सरांचा नंबर शुक्रवारच्या तयारीला होता. मला हे आवडलं खरं सांगायचं तर. मग आवाजाचं सुरू झालं, पोटातून श्वास, ओंकार, मग पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, आणि हॉलच्या शेवटच्या भिंतीला टेकून मॅडम उभ्या राहायच्या, त्यांना शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू आलं नाही की हात वर करायच्या. ओरडायचं नाही पण पोचलं पाहिजे. आमच्या घरी तीन आठवडे रोज सकाळी अग्रलेख चालू होता, शेजारच्या काकू विचारायला आल्या की कसली परीक्षा आहे.

ह्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते ती सांगते. आमच्या सासूबाई कणकवलीकडच्या, घरात मालवणीच चालते, त्यामुळे लेकीच्या बोलण्यात तो हेल आहे. ज्युनिअर कॉलेजात त्यावरून तिला हसले होते आणि तिने ते मनाला लावून घेतलं होतं, तिथे ती शक्यतो इंग्लिशच बोलायची. इथे दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की उद्या आपापल्या आजीच्या भाषेत एक प्रसंग सांगायचा. कोणी आगरी बोललं, एक मुलगी अहिराणी बोलली, एक मुलगा नुसता लालबागच्या चाळीतलं बोलला, हिने आजीचं मालवणी केलं आणि सगळा हॉल गप्प बसून ऐकत होता. नंतर मॅडमनी मच्छिंद्र कांबळींबद्दल सांगितलं, त्यांनी मालवणी नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि पार लंडनपर्यंत प्रयोग नेला, आणि म्हणाल्या प्रमाण मराठी तुला यायलाच हवी, ती हत्यार म्हणून शीक, पण ही टाकून देऊ नकोस, ही कुणाला शिकून येणार नाही. त्या रात्री लेक सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्याकडून जुने शब्द लिहून घ्यायला लागली. साडेसात हजारांतले अर्धे तर माझे तिथेच वसूल झाले.

चौथ्या रविवारी मुलांना शिवाजी मंदिर नाट्यगृहात नेलं, नाटक बघायला नाही, नाटक लागताना बघायला. चारचा प्रयोग होता आणि मुलं साडेबाराला हजर. टेम्पोतून फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती उतरवणं, लेव्हल म्हणजे उंच चौथरे लावणं, कोण कुठली खिळपट्टी ठोकतंय, लाइट टांगणं, ड्रेस इस्त्री करून रंगपटात लावणं, टेबलावर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू, ओळीने मांडणं, सगळं. पहिल्या घंटेच्या आधी रंगमंच झाडून नटराजाची पूजा. पालकांपैकी कोणाला यायचं असेल तर या म्हणाले होते म्हणून मीपण गेले, आणि इतकी वर्षं मी नाटकं बघतेय, पडदा उघडला की घर दिसायचं, त्या घराला मागून बांबूचे टेके असतात आणि ते सव्वातीन तासांपूर्वी टेम्पोत होतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. बॅकस्टेजच्या एका काकांनी मुलांना सांगितलं की हे संपलं की सेट काढून परत टेम्पोत आणि रात्री साडेआठला ठाण्याला गडकरीत दुसरा प्रयोग आहे. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. एका मुलाने विचारलं काका जेवता कधी, ते म्हणाले टेम्पोत.

पैशाचं पण सरांनी तिथेच, बाहेर फुटपाथवर वडापाव खाताना स्पष्ट सांगितलं. व्यावसायिक नाटकात नाईट मिळते, म्हणजे प्रयोगाचे पैसे, प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही, आणि नवीन माणसाला तालमीचे दीडदोन महिने पदरचं खाऊन करावे लागतात. प्रायोगिकमध्ये तर पैशाचा हिशेबच करायचा नाही. ज्यांचं चालतं ते सिरियल, डबिंग, शाळांमध्ये नाटक शिकवणं, लाइट्सची कामं, जाहिराती असं चार ठिकाणी हात घालून चालवतात. हे सांगताना त्यांनी कुणाला घाबरवलं नाही आणि स्वप्नंपण दाखवली नाहीत, रेशनचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी त्यांना विचारलं तुमचं स्वतःचं कसं चालतं, तर म्हणाले बायको शिक्षिका आहे, आणि मी दोन शाळांमध्ये आठवड्याला बारा तास घेतो. असं तोंडावर खरं सांगणारा माणूस भेटला की मग तो पुढे जे सांगतो त्यावर विश्वास बसतो.

येताना त्यांनी मुलांना छबिलदास शाळेवरून नेलं. सत्तरच्या दशकात त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची, आविष्कार संस्थेची, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि बाकीची मंडळी, आणि मराठीतल्या कितीतरी मोठ्या नटांनी आणि लेखकांनी तिथे काम केलंय. ना धड स्टेज ना काही. मी त्या रस्त्यावरून भाजी घेऊन हजार वेळा गेले असेन.

आता मुख्य गोष्ट. शेवटी चाळीस मिनिटांचा एक प्रयोग करायचा होता आणि हिला त्यात मोठी भूमिका दिली होती. घरी पेढे आणले आम्ही. आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरांनी भूमिका बदलल्या, ती भूमिका नालासोपाऱ्याहून येणाऱ्या एका मुलीला दिली आणि हिला दोन वाक्यं आणि प्रॉपर्टीची जबाबदारी. दादर ते भांडुप लोकलमध्ये ती रडत होती, लेडीज डब्यातल्या बायका मलाच विचारत होत्या काय झालं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते की बरं झालं, आता हे खूळ जाईल. खरंच म्हणत होते मी असं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही साडेसहाला उठून वहीत यादी करतेय, कंदील, पितळी तांब्या, दोन पत्रं, वर्तमानपत्र जुनं हवं, चष्मा, कुठल्या प्रवेशात कुठल्या विंगेतून कोणाच्या हातात द्यायचं. तांब्या माझ्याकडून नेला आणि तो अजून आला नाहीये.

पण यादी केली म्हणून माझं मत बदललं असं नाही, जबाबदार पोरं यादी करतातच. बदललं ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. रात्री जेवताना ती मला सांगायला लागली की त्या मुलीचं चौथ्या प्रवेशात काय चुकतंय, पत्र वाचायच्या आधीच तिला पत्रात काय आहे ते माहीत असल्यासारखी ती वाचते, म्हणून लोकांना धक्का बसत नाही, आणि सरांनी तिला बसलेली उठवलं, पत्र हातात उलटं दिलं, तिला ते सरळ करावं लागलं आणि तेवढ्या दोन सेकंदांत सगळं जमून आलं. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात मत्सर नव्हता, म्हणजे माझी पोरगी आहे, मला कळतं मत्सर असला की. तिला ते कसं होतं ह्याचीच ओढ लागली होती. तेव्हा मला मार्चमधलं तिचं वाक्य आठवलं, शिकायचंय म्हणाली होती ती. काम तर हातातून गेलं होतं आणि शिकणं चालूच होतं.

पाचव्या आठवड्यात पालकांना एकेकाला वीस मिनिटं दिली होती. आम्ही दोघं गेलो, मिस्टर पहिल्यांदाच आले, त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, सर, हिच्यात टॅलेंट आहे का नाही तेवढं सांगा. सर म्हणाले अठराव्या वर्षी मी ते सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्याकडे पैसे भरू नका. मग म्हणाले आम्ही भूमिका बदलतो ते दर वर्षी बदलतो, मुद्दाम नाही, प्रयोगाची गरज म्हणून, पण त्यानंतर मुलं काय करतात ते नीट बघतो. काही येईनाशी होतात, काही येतात पण मोबाईल बघत बसतात, तुमची मुलगी दुसऱ्याच्या प्रवेशात विंगेत उभी राहून बघत असते. कॉलेजात तीन वर्षं नाटक शिकायचं म्हणजे त्यातला बराचसा वेळ दुसऱ्याचं काम बघणं, वाचणं, झाडणं, तेच तेच परत करणं ह्यात जातो, ते हिला रुचेल असं मला वाटतं, नट म्हणून पुढे काय होईल मला माहीत नाही. मिस्टर गप्प झाले. खाली आल्यावर म्हणाले, माणूस खोटं बोलत नाही.

कुठे शिकायचं ह्याची माहिती पण त्याच वीस मिनिटांत मिळाली, ती लिहिते कारण आम्हाला काउन्सेलिंगमध्ये ती मिळाली नव्हती. बारावीनंतर लगेच पूर्ण वेळ नाटकच शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं, तिथे नाट्य विषयात बीए आहे आणि पुढे एमएपण, सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. प्रवेश नुसत्या मार्कांवर नाही, तुमचं काम बघतात. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातपण नाट्य विषयात पदवी करता येते पण तिकडे भाषेचा प्रश्न येतो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, मराठवाड्यातली कितीतरी नाटकवाली मंडळी तिथून आलीत. आणि आपल्या मुंबईत कलिनाला विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, २००३ मध्ये वामन केंद्रे सरांनी सुरुवातीपासून उभी केलेली, पण तो कोर्स दोन वर्षांचा आणि पदवीनंतरचा, कुठल्याही शाखेची पदवी चालते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं, तीन वर्षांचा कोर्स, तोही पदवीनंतरच, देशभरातून मोजकीच मुलं घेतात, पण घेतल्यावर स्कॉलरशिप असते. सरकारी विद्यापीठांची फी आणि त्या अंधेरीच्या क्लासची फी शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा, मी ठेवली आणि मला रागच आला.

ह्याशिवाय अजून एक वाट आहे जी मुंबईच्या मुलांनी वर्षानुवर्षं वापरलीय, ती म्हणजे साधं बीए बीकॉम करायचं पण जिथे नाटकाचा ग्रुप जोरात आहे अशा कॉलेजात. रुईया, रुपारेल, साठये, डहाणूकर, कीर्ती, ठाण्याला जोशी बेडेकर. पावसाळा लागला की युथ फेस्टिव्हल, आयएनटी, लोकांकिका अशा एकेक स्पर्धांच्या तालमी सुरू होतात, कॉलेज सुटल्यावर रात्रीपर्यंत, आणि कुठे एकांकिका पहिली आली तर पुढे सवाई, म्हणजे पहिल्या आलेल्या एकांकिकांचीच स्पर्धा, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री. लेकीने आत्ताच परवानगी मागून ठेवलीय सवाई बघायची, रात्रभर चालते म्हणे. तिथे कोणी बसवून शिकवत नाही, सिनिअर मुलं आणि बाहेरून येणारे दिग्दर्शक ह्यांच्याकडून पडतझडत शिकतात.

आमच्या सासऱ्यांचं तर तेही नव्हतं. परळला गिरणीत होते, शिफ्ट संपली की कामगार नाटकांच्या तालमी, दामोदर हॉलला प्रयोग, नटी परवडत नसे म्हणून एका नाटकात त्यांनीच बाईचं काम केलं होतं. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली आणि नाटकपण गेलं. लेकीचं नाटकाचं निघालं तेव्हा मला वाटलं होतं सासूबाई विरोध करतील, त्या उलट म्हणाल्या, तुझो आजो रातचो दोन वाजता घराक येय, पण गिरणीचो भोंगो कधी चुकवल्यान नाय. मग नातीला म्हणाल्या, तू शिक पण दुसरा कायतरी हातात ठेव. मिस्टरांनी वडलांचा नाटकातला एक फोटो कपाटातून काढून दाखवला लेकीला, मलाही तो माहीत नव्हता.

आता तक्रारी. बॅच पंधराची म्हणाले होते आणि घेतली बावीस, त्यामुळे आवाजाच्या वेळी एकेकाला कमी वेळ मिळाला, हे मला पटलं नाही आणि पुढच्या वेळी अठराच्या वर नाही घेणार असं ते म्हणालेत. टीशर्टचे तीनशे रुपये नंतर सांगितले, फीमध्येच सांगायचे ना. हॉलमध्ये चार पंख्यांतला एक बंद, मे महिन्यात बावीस मुलं, दोन मुलांना चक्कर आली, मग एका पालकांनीच घरून टेबल फॅन आणून दिला. मुलींच्या बाथरूमची कडी नीट लागत नव्हती, ते मी दुसऱ्या आठवड्यात सांगितलं आणि चौथ्यात झालं, ह्या गोष्टीला दोन आठवडे लागता कामा नयेत. आणि सगळ्यात मोठी तक्रार रंगीत तालमीच्या रात्रीची. साडेआठला सोडणार होते आणि सोडलं सव्वादहाला, आतमध्ये फोन बंद ठेवायचे म्हणून मुलांचे फोन लागेनात, ग्रुपवर एक मेसेज नाही, मी आणि अजून तीन आया शाळेच्या गेटबाहेर उभ्या, वॉचमनपण सांगेना. मी त्या दिवशी सरांना बरंच बोलले. त्यांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून एक मॅडम दर तासाला ग्रुपवर टाकायला लागल्या, पण हे सुचायला आयांनी गेटवर उभं राहावं लागू नये. तुमची मुलगी असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, उशीर झाला तर कोण कळवणार, आणि लांब जाणाऱ्या मुली कोणाबरोबर सुटणार. सर्टिफिकेट देतात ते कुठल्या अ‍ॅडमिशनला चालत नाही, त्यासाठी घालू नका.

प्रयोग छान झाला. शेवटच्या रविवारी, ऐंशीएक माणसं, जास्त करून नातेवाईक. हिची दोन वाक्यं मी श्वास धरून ऐकली, शेवटच्या रांगेत बसले होते मुद्दाम, शेवटचं अक्षर आलं. पण मी जास्त बघत होते ती विंगेकडे. तिसऱ्या प्रवेशात कंदील लागायचा होता तो लागेना, वात खाली गेली होती, आणि माझ्या जागेवरून विंगेची फट दिसत होती, त्यात ही गुडघ्यावर बसून पेटवतेय, घाई नाही, हात थरथरत नाही, बरोबर वाक्य आलं आणि त्या नालासोपाऱ्याच्या मुलीच्या हातात पेटलेला कंदील गेला. प्रेक्षकांत कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

निकाल लागला, त्र्याहत्तर टक्के. तोपर्यंत मी पुण्याच्या बाजूने झाले होते, हे सांगितलं तर मार्चमधल्या मला पटलं नसतं. हॉस्टेलचा खर्च काढला होता, पतपेढीत कर्जाचं विचारून आले होते, मिस्टरपण जाऊ दे म्हणाले. आणि लेकच म्हणाली, आई आत्ता नको. तिचं म्हणणं असं की कलिनाला काय आणि दिल्लीला काय पदवी लागणारच आहे, तिला तीन वर्षं वाचायचंय, मराठी आणि इंग्लिश दोन्ही साहित्य, कारण शिबिरात तिला कळलं की संहिता समोर आली की तिला पहिल्यांदा वरवरचंच कळतं, आणि तेवढी तीन वर्षं मुंबईत राहून स्पर्धांची कामं करायची, मिळेल ते, मग कलिनाला परीक्षा द्यायची. पुण्याला गेलेली मुलं जास्त तयार होतात हे ती मान्य करते, सरांनापण तिने विचारलं, ते म्हणाले रोज आठ तास शिकलेलं आणि रात्री तीन तास केलेलं सारखं नसतं, पण तुझी तयारी अजून पक्की नसेल तर थांबलीस तर काही बिघडत नाही. मला अजूनही वाटतं की पुण्याला जायला हवं होतं, ती संधी अठराव्या वर्षी असते तशी पुढे नसते, आणि मी तिला तसं सांगितलंय. पण ठरवलं तिने, आणि सहा आठवडे काम बघून ठरवलं, म्हणून मी मान्य केलं.

माटुंग्याच्या बाजूला एका कॉलेजात बीएला अ‍ॅडमिशन झाली. सध्या रोज साडेनऊला घरी येते, एकांकिकेच्या तालमी चालू आहेत, फर्स्ट इयरच्या मुलांना भूमिका देत नाहीत, ही प्रॉपर्टी बघते आणि एका मुलीची बदली म्हणून तिचं सगळं पाठांतर करून ठेवलंय. डबा दोन वेळचा नेते.

शिबिराला मी पाचपैकी चार देते. शिकवण्याला पाच, व्यवस्थेला तीन. ज्यांना सुट्टीत मुलं गुंतवायची आहेत त्यांच्यासाठी हे नाही, लहान मुलांची वेगळी शिबिरं असतात तिकडे घाला, इथे मुलं दमून येतात आणि चिडून येतात. पण दहावी बारावी झालेलं पोर नाटकच शिकायचं म्हणून हटून बसलं असेल आणि तुम्हाला हो म्हणावं का नाही कळत नसेल तर कॉलेजचे फॉर्म निघायच्या आधी घाला. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, तीन आठवड्यांची, दादरलाच. पैसे भरायच्या आधी एक दिवस मागे सतरंजीवर बसू द्या म्हणून सांगा, पाण्याची बाटली न्या, आणि तो पंखा झालाय का ते बघा.